काळा म्हणजे वर

३ मार्च, सकाळ

धाकट्या,

नाही, मी आंधळी झालेली नाही. अक्षरं एवढाली का, असं तू विचारशील म्हणून आधीच सांगून टाकते. प्रिंटर तसाच आहे. त्याला बारीक छापता येत नाही. एका पानावर जेमतेम आठ-दहा ओळी मावतात, त्यामुळे पाकीट फुगलंय. टपालवाल्याला वाटेल थोरलीने भावाच्या नावावर इस्टेट केली. वाटू दे.

आशीर्वाद राहिलेच. घे. मी बरी आहे, गुडघा होता तिथेच आहे, तूही बरा असशील असं धरून चालते.

हे पत्र तुला लिहिलंय. तुझ्या बायकोला वाचायला द्यायचं नाही. तिच्याशी माझं भांडण नाही, पण ती वाचताना मधेमधे "अगंबाई" म्हणते आणि माझा मुद्दा तिथेच मरतो. फोन करावा तर तू "हं, हं" करतोस आणि "हिच्याशी बोल" म्हणून तिच्या हातात देतोस. म्हणून कागद. कागदाशी "हं" करून चालत नाही.

तर बातमी अशी की मी भिंग शिकले.

हसू नकोस. तू जन्मभर डोळ्याला भिंग चिकटवून घड्याळं उघडलीस, तुला त्यात काय नवल? हे तसलं भिंग नव्हे. हे संगणकाच्या पोटात असतं. तुझी लेक गेल्या रविवारी मला बघायला आली ती थेट कारखान्यातच आली. मी पडद्याला नाक लावून बसले होते. कार्टी म्हणते कशी, "आत्या, पडद्यावर तुझ्या नाकाचा ठसा उमटलाय. डिझाइनमध्ये घ्यायचा का?" मग तिने खिडकीचं चित्र असलेलं बटण धरलं, अधिकचं बटण दाबलं, आणि सगळा पडदा माझ्या अंगावर धावून आला. मी ओरडले, "बंद कर, बंद कर!" ती म्हणाली, "आत्या, तो काही चावत नाही."

तुझ्या डोक्यात मी अजून पुठ्ठ्याला भोकं पाडत बसलेली असेन. ते दिवस गेले. तेव्हा पुठ्ठ्याच्या पट्टीला भोक पाडून मागाला सांगायचं, हा धागा उचल, हा सोड. आता तेच पडद्यावर सांगायचं. पडदाभर चौकोन. काळा म्हणजे उभा धागा वर, पांढरा म्हणजे खाली. बास, एवढीच विद्या. मला शाळेने आणि मी शाळेला लवकर सोडलं, पण एवढं कळायला शाळा लागत नाही. चौकोन मात्र बारीक, तिळाएवढे, आणि हजारोंनी. एक चुकला की कापडावर धागा लोंबतो.

आधी मी सगळा पडदाच मोठा करून बघितला. बोटीत बसल्यासारखं झालं. उंदीर जरा कडेला नेला की सगळं जग सरकायचं, बाण कुठे गेला त्याचा पत्ता नाही. मग लेकीने दुसरा प्रकार लावून दिला. पडद्यावर एक चौकट फिरते, बाण जाईल तिथे जाते, आणि तेवढ्याच तुकड्याला मोठं करते. हे जमलं. तुझ्यासारखंच झालं बघ. तुला तरी भिंगातून सबंध घड्याळ कधी दिसायचं? एक चाक दिसायचं. बाकीचं डोक्यात.

पांढरा उजेड टोचतो, तेही मी लेकीला सांगितलं. तिने आणखी काहीतरी दाबलं आणि सगळे रंग उलटे झाले. पांढऱ्याचं काळं, काळ्याचं पांढरं. डोळ्यांना सावली मिळाली. "नुसतं दिसायला उलटं हं, आत्या. आत काही बदलत नाही," असं ती म्हणाली. बरं म्हटलं. एक बटण असंही आहे की दाबलं की सगळा पडदा पहिल्यासारखा लहान, सबंध दिसतो. ते मी दाबत नाही. सबंध बघून काय करायचंय? काम तुकड्यातच असतं.

आता हे सगळं कशासाठी. मालकीणबाईंनी दहा-बारा दिवसांपूर्वी मला खुर्ची ओढून दिली. लक्षात ठेव, माणूस खुर्ची ओढून द्यायला लागलं की ती काढून घ्यायचा विचार त्याच्या डोक्यात आलेला असतो. म्हणाल्या, "मावशी, आता थोडी विश्रांती घ्यायची का? नक्षीच्या टेबलावर नवीन मुलगी घेऊ म्हणते." मी म्हटलं, "नवीन मुलगी घ्या की. दुसरं टेबलपण घ्या." त्या हसल्या नाहीत. एका मोठ्या हॉटेलाचं काम आलंय. जेवणाच्या टेबलावरची कापडं, पांढऱ्यावर पांढरं, खाली किनारीत हॉटेलचं नाव आणि वर सगळीकडे वेलीची पानं. पहिला नमुना माझा. तो चोख उतरला तर खुर्ची माझी, नाही तर विश्रांती. त्यांनी असं स्पष्ट म्हटलं नाही, पण मी काही काल जन्मले नाही.

विश्रांती! आपल्या आईने घेतली होती विश्रांती. खिडकीपाशी. तुला आठवत असेल.

असो. नाव झालंय, आजपासून पानं घेते. पान कसं भरायचं ते मला झोपेतही येतं.

आणखी एक. लेक म्हणत होती की तुझ्या कामाच्या टेबलावर चादर घातली आहे. धूळ बसू नये म्हणून असेल. माझं गजराचं घड्याळ बंद पडलंय, तेवढं कळवून ठेवते.

थोरली


१९ मार्च

धाकट्या,

तुझ्या बायकोचं पत्र आलं. "पत्र पोचलं, मीच ह्यांना वाचून दाखवलं, ह्यांनी सगळं ऐकलं." अगंबाई! पहिल्याच पानावर काय लिहिलं होतं? नको देऊ म्हणून. निदान तेवढी ओळ तरी तिने वाचून दाखवली का? की ती गाळली? तुझ्या जागी मी असते तर हिसकावून घेतलं असतं.

या खेपेला अक्षरं आणखी मोठी आहेत. प्रिंटर बिघडत चाललाय.

नमुना उतरला, आणि माझी अब्रूही उतरली. सरळ सांगते, दुसऱ्याकडून ऐकण्यापेक्षा बरं.

आमच्या मागावर एक माणूस आहे. आम्ही त्याला डुलक्या म्हणतो, कारण माग चालू झाला की त्याची मान खाली जाते आणि तो झोपला असं वाटतं. झोपत नाही. आवाज ऐकत असतो. एक धागा तुटला तर आपल्याआधी त्याला कळतं. त्याने नमुना खाली काढला, माझ्या टेबलावर आणून पसरला आणि म्हणाला, "मावशी, याचं तोंड कुठलं?"

मी म्हटलं, "नाव आहे ते तोंड. तुझं डोकं कुठलं ते आधी बघ."

"नाव बरोबर आहे," तो म्हणाला. "पानं पालथी आहेत."

मी हात फिरवला. पांढऱ्यावर पांढरं कापड, त्यात रंग नसतो. पान चमकतं आणि भोवतालची जमीन, म्हणजे मधलं मोकळं कापड, मंद असते म्हणून पान दिसतं. पान बोटाला गुळगुळीत लागायला हवं, जमीन खरखरीत. खाली नावाची अक्षरं गुळगुळीत लागली. वर गेले तर पानं खरखरीत आणि जमीन गुळगुळीत. डुलक्याने कापड उलटं केलं. आता पानं लखलखीत, पण नाव आरशात बघितल्यासारखं. म्हणजे एका बाजूला नाव सुलट, दुसऱ्या बाजूला पानं सुलट, आणि धड बाजू एकही नाही. इतक्या वर्षांत असं कापड मी पाहिलं नव्हतं. मी स्वतःच केलं तेव्हा बघायला मिळालं.

काय झालं ते मला उभ्या उभ्या कळलं. नाव मी केलं ते रंग उलटे करायच्या आधी. पानं केली ती नंतर. हात आपला जुन्या सवयीने चालला, काळा म्हणजे वर. पडद्यावर जे काळं दिसलं ते मी पानात भरत गेले, आणि ते आत सगळं पांढरं होतं. नुसतं दिसायला उलटं, असं लेकीने सांगितलं होतं. मीच ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं.

डुलक्या हळूच म्हणाला, "मावशी, मागाचं बिनसलं म्हणू का? बाई मागाला काही बोलत नाहीत."

माणूस चांगला आहे. क्षणभर, खोटं कशाला बोलू, माझ्या तोंडाला पाणी सुटलं. पण मग मागाचा कारागीर आला असता, चांगला माग खोलला असता, आणि पुढच्या कापडावर मी पुन्हा तेच केलं असतं. मी म्हटलं, "तुझा माग माझ्यापेक्षा निरोगी आहे. चल."

मालकीणबाई फोनवर होत्या. मी कापड त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, "पानं मी उलटी भरली. मी रंग उलटे करून काम करते. उजेड सोसत नाही."

त्यांनी फोन ठेवला. "कधीपासून, मावशी?"

"रंग? पंधरवडाभर."

"मी रंगांचं नाही विचारलं."

डुलक्या कापडाची घडी घालायला लागला. एवढी नीट घडी त्याने जन्मात घातली नसेल.

बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं, ओरडण्याला उलट बोलता येतं. त्या म्हणाल्या, "हॉटेलवाले महिनाअखेरीला येतायत. मला एक चोख नमुना द्या. तुम्हीच द्या. नाही जमलं तर मला दुसरं माणूस बघावं लागेल." आणि 'बघावं' म्हटल्यावर त्यांनीच जीभ चावली. आजकाल माझ्यासमोर सगळे बघण्याचं नाव काढलं की जीभ चावतात. कुणी "बघू या", "डोळ्यांत तेल घालून", "दिसतंय ना" म्हणालं की लगेच दचकतात. मी काय, शब्दांनी आंधळी होणार आहे?

जागेवर येऊन बसले. आणि मग ते बटण दाबलं. सबंध पडदा दाखवणारं.

का दाबत नव्हते, ते आता सांगते. तुकड्यात बघितलं की चौकोन ठसठशीत दिसतात आणि वाटतं की आपलं सगळं ठीक आहे. सबंध बघितलं की धुकं. मधोमध तर भोकच. जिकडे बघावं तिकडचंच नाहीसं होतं, आणि जिकडे बघत नाही ते कडेने दिसतं. ते मला बघायचं नव्हतं. म्हणून मी बटणच नाही असं धरून चालले होते.

दाबलं. धुकंच होतं. पण त्या धुक्यात खालची किनार एका रंगाची होती आणि वरचं सगळं दुसऱ्या रंगाचं. पानं नाही दिसली, एकही नाही दिसलं. पण एक पट्टा काळा आणि बाकीचं सगळं राखाडी, एवढं तर म्हशीलाही दिसेल. पंधरा दिवसांत एकदा जरी ते बटण दाबलं असतं, तरी कापड विणायच्या आधीच मला कळलं असतं.

भिंगाने मला नाही फसवलं, धाकट्या. मी सबंध बघायला भ्याले तिथे फसले.

तू काही बोलू नकोस. तू तसंही बोलत नाहीस.

आता पुन्हा करते. एका बटणात सगळं उलटं होतं, पण मग नावही उलटं होईल. पानं तेवढी निवडून फिरवायची आणि वेल जिथे नावाला टेकते तिथे चौकोन चौकोन तपासायचा. बसते. गजराचं घड्याळ अजून बंदच आहे. इथे कोपऱ्यावर एक घड्याळजी आहे. त्याच्याकडे देणार नाही.

थोरली


७ एप्रिल

धाकट्या,

आधी खुर्चीचं सांगते, मग तुझं.

मी चौकट सोडली. आता पडद्याचा वरचा भाग भिंगाचा ठेवलाय, अडकवून टाकल्यासारखा. वर मोठा तुकडा दिसतो, खाली सगळं आपलं लहानच्या लहान. वर चौकोन मोजायचे, खाली धुकं बघायचं. लेकीने फोनवर सांगितलं आणि मी केलं. तिने तीनदा सांगितलं आणि मी तीनदा रागावले, पण केलं. रंग उलटेच ठेवले. टोचणारा उजेड मी कुणासाठी सोसणार नाही. त्याऐवजी पडद्याच्या कडेला डिंकाने एक काळा दोरा आणि एक पांढरा दोरा चिकटवलाय, खरे दोरे, डुलक्याच्या मागावरचे. काळ्या दोऱ्यापाशी 'खाली', पांढऱ्यापाशी 'वर'. जुनी सवय हातातून जायची नाही. म्हणून हात उचलायच्या आधी दोऱ्याला बोट लावायचं. बावळटपणा दिसतो. पण चालतं.

मान तिरकी करून बसते. मधलं गेलं तर गेलं, कडेने बघायचं. डुलक्या म्हणतो, "मावशी, कोंबडी दाणा बघते तशा दिसताय." मी म्हटलं, कोंबडीचा दाणा कधी चुकतो का?

नमुना उतरला. डुलक्याने आणून ठेवला. मी हात फिरवला. नाव गुळगुळीत, पानं गुळगुळीत, जमीन खरखरीत. सगळं एका बाजूला. मी म्हटलं झालं. डुलक्या म्हणाला, "एक जागा."

वेलीचा देठ नावाच्या शेवटच्या अक्षराला जिथे टेकतो, तिथे एक धागा लोंबत होता. नखात अडकेल एवढा. मला नव्हता लागला. दोन दिवस मी त्याच जागेवर बसले होते, आणि तीच राहिली.

मी काही बोलायच्या आधी बाई आल्या. डुलक्याने नमुना पुढे केला आणि जागा दाखवली. त्याने लपवली नाही, आणि मला त्याचं बरं वाटलं. बाईंनी कापड खिडकीकडे धरलं, फिरवलं, पालथं केलं. मग म्हणाल्या, "एक धागा. मावशी, हे तर तुमच्या चांगल्या दिवसांतही व्हायचं."

"व्हायचं," मी म्हटलं. "तेव्हा मी सुधारून द्यायची. आताही देते."

त्या बसल्या. "खुर्ची तुमची. पण इथून पुढे तुमची कुठलीही नक्षी मागावर चढायच्या आधी कागदावर छापायची आणि डुलक्याने बघायची. त्याने हो म्हटलं तर चढेल. आणि नवीन मुलगी मी घेणारच आहे. तिला शिकवायचं."

धाकट्या, मला झोंबलं. इतकी वर्षं माझी नक्षी कुणी तपासली नव्हती. मी म्हणणार होते की ठेवा तुमची खुर्ची. तोंडात आलं होतं. मग डुलक्याकडे बघितलं, कडेने. तो मान खाली घालून उभा, झोपल्यासारखा. आणि मनात आलं, हा माणूस इतकी वर्षं दुसरं काय करत होता? माझी चूक मागावर आली की माग थांबवून, माझ्या टेबलाशी येऊन म्हणायचा, "मावशी, एक जागा." तेव्हा मला त्याचं काही वाटायचं नाही. आता का वाटावं?

मी म्हटलं, "छापते. पण मोठं छापेन. याला बारीक दिसत नाही."

डुलक्या म्हणाला, "मला?"

बाई तेव्हा पहिल्यांदा हसल्या. देठ मी त्याच दुपारी सुधारला. हॉटेलवाले आले, कापडाला हात लावला, हो म्हणून गेले. खुर्चीचं एवढंच.

आता तुझं.

प्रिंटर बारीक छापतो. मुंगीएवढंही छापतो. अक्षरं मी मोठी केली, तुला वाचता यावीत म्हणून. प्रत्येक पत्र छापलं की हात लांब करून मान तिरकी करून बघायची, मला कडेने वाचता येतं का. मला येतं तर तुला येईल. तुझा डॉक्टर आणि माझा डॉक्टर वेगळे असतील, पण सांगतात एकच. आईला कुणी काही सांगितलंच नव्हतं. ती कपाच्या शेजारी चहा ओतायची आणि आपण दोघं फडकं घेऊन धावायचो, ती ओरडायची, आणि मग एक दिवस ती ओतायचीच थांबली. खिडकीपाशी बसली. आपण म्हणालो, बरं झालं, आता आराम करते. तू आता तिच्यासारखा बसलायस. कुणी सांगितलं ते विचारू नकोस.

आणि तुझी चिठ्ठी आली.

आधी वाटलं कुठल्या पोराने रेघोट्या मारल्या आहेत. एक ओळ दुसरीवर चढलेली, शेवटचे दोन शब्द कागदाबाहेर पळालेले. मग तो तुझा 'त' दिसला, लहानपणापासून शेपूट जास्त लांब काढतोस तो. भिंगाखाली धरून वाचली. कागद भिंगाखाली कसा धरला ते सांगते, त्यातच पुढचं आहे.

लेकीने मला एक छोटा कॅमेरा आणून दिलाय. दिव्यासारख्या दांडीवर बसतो, टेबलाकडे तोंड करून. त्याखाली ठेवाल ते पडद्यावर येतं, आणि पडद्यावर आलं की भिंग त्याला हवं तेवढं मोठं करतं. मी आधी तुझी चिठ्ठी ठेवली. मग माझं बंद पडलेलं घड्याळ उघडून ठेवलं. धाकट्या, त्यातलं एक चाक माझ्या ताटाएवढं दिसलं. दाते मोजता आले. एका दात्यात कसलीतरी काडी अडकलीये ती मलासुद्धा दिसली, आणि मला घड्याळातलं ओ की ठो कळत नाही.

मनगटावरची घड्याळं तुला जमणार नाहीत, कदाचित. खोटी आशा दाखवत नाही, मला ती आवडत नाही. हात कुठे आणि चित्र कुठे, हेच जुळायला वेळ लागतो. मी देठ करताना तीनदा टेबलावरचं पाणी सांडलं. पण भिंतीवरची होतील. गजराची होतील. चाक मोठं असेल ते सगळं होईल. चुकशील. चुकलास की कुणाला तरी बघायला सांग, तुझी बायको आहेच. अगंबाई म्हणेल, म्हणू दे.

लेक रविवारी येतेय. कॅमेरा, पडदा, वायरी सगळं तिच्या गाडीत असेल, आणि माझं घड्याळही. तू फक्त टेबलावरची चादर काढायची. ती आली की काढू, असं नाही. ती यायच्या आधी काढायची. विरोध करायचा तर तोंडाने कर, ती माझी भाची आहे, ऐकणार नाही. काडी मी काढलेली नाही. ती तुझी आहे.

घड्याळ चालू झालं की टपालाने पाठवायचं नाही. ते वाटेत आपटतं. तू घेऊन यायचं. बस थांबते तिथे मी येईन. तू मला नीट ओळखणार नाहीस आणि मी तुला नीट ओळखणार नाही, तेव्हा जो मान तिरकी करून उभा असेल तो आपला, असं समजायचं.

राहिला तुझा प्रश्न. चिठ्ठीत एकच तर आहे. "ताई, तुला किती दिसतं?" पहिल्या पत्रात मी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देऊन बसले होते. आता तू खरंच विचारलंस, तर याचं उत्तर मी देणार नाही. पत्रात नाही, फोनवर नाही, लेकीकरवी तर नाहीच. घड्याळ घेऊन ये, समोर बस, आणि तोंडाने विचार.

तोवर मी एक अक्षर बोलणार नाही.

तुझी थोरली